चेन नवी, ड्रम जुना

पावसाळा सरला की वाड्यांमधून चेनसॉचे आवाज येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग एक ठरलेली तक्रार येते. ‘‘नवी चेन टाकली, चार दिवसांत लोंबायला लागली. माल डुप्लिकेट दिला.’’ असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो, आधीच्या चेनचं काय झालं होतं? तीही लवकर गेलेली असते. आणि त्याच्या आधीची? ती मात्र पुष्कळ टिकलेली असते. तेव्हा मशीन नवं होतं. मग मी म्हणतो, चेन राहू दे, कव्हर खोल. कव्हर निघतं, भुशाचा गोळा खाली पडतो, आणि ज्यावर चेन फिरते त्या लहानशा दातेरी चक्रावर बोट फिरवलं की खाचा हाताला लागतात. चेन तिथेच मरत होती. दुकानदार त्यातून सुटला.

मोटरसायकलची चेन गेली तर गावातला कुठलाही मेकॅनिक नुसती चेन बदलून देत नाही. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन असा सेटच टाकायला लावतो, आणि आपणही कुरकुर न करता टाकतो. झिजलेल्या दात्यावर नवी चेन बसवली तर चेन त्या दात्याच्या मापाची होत जाते, हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. चेनसॉत हाच नियम आपण विसरतो, कारण हे स्प्रॉकेट दिसत नाही. ते कव्हरच्या आत, क्लचच्या ड्रमला जोडलेलं असतं, आणि ‘क्लच’ म्हटलं की हात लावायचा नाही अशी आपली समजूत असते. खरं तर हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि बहुतेक मशीनवर घरच्या घरी होतं.

आता हा विषय काढायचं एक कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनारा चाटून वर गेलं. घरावर पडलेला माड उतरवायचा, रस्ता मोकळा करायचा, म्हणून ज्यांनी कधी मशीन हातात धरलं नव्हतं त्यांनीही त्या दोन वर्षांत ते घेतलं. त्यातली कितीतरी मशीन अजून चालू आहेत, आणि अनेकांचा मूळ ड्रम तसाच आहे. त्यात माड कापणं म्हणजे मशीनची परीक्षा. खोड बाहेरून टणक, आतून तंतुमय. त्याचा भुसा झडून न पडता काथ्यासारखा कव्हरमध्ये ठासून बसतो. खोड जमिनीवरून ओढत आणलं असेल तर सालीत वाळू नाहीतर जांभ्याची माती आलीच. ती तेलात कालवली की पॉलिशपेपरचं काम करते.

आत काय घडतं ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. इंजिनाच्या दांड्यावर क्लच असतो. त्याला दोन किंवा तीन शू असतात आणि त्यांना आत ओढून धरणारी स्प्रिंग असते. इंजिन मंद चालतं तेव्हा, म्हणजे साधारण तीन हजार फेऱ्यांच्या आत, स्प्रिंग शूंना धरून ठेवते. रेस दिली, फेरे साडेतीन-चार हजारांच्या पुढे गेले की शू बाहेर फेकले जातात आणि सभोवतीच्या वाटीसारख्या ड्रमला आतून घट्ट पकडतात. ड्रम फिरतो, त्याला जोडलेलं स्प्रॉकेट फिरतं, चेन धावते. रेस सोडली की पकड सुटते. ड्रम दांड्याला पक्का जोडलेला नसतो. तो एका लहान नीडल बेअरिंगवर मोकळा असतो, म्हणूनच इंजिन चालू असताना चेन थांबू शकते.

दात्यांवर किती मार बसतो त्याचा हिशेब एकदा मांडून बघा. ०.३२५ इंच पिचची चेन (पिच कसं मोजायचं ते पुढे येईल), सात दात्यांचं स्प्रॉकेट आणि कापताना मिनिटाला नऊ हजार फेरे धरले, तर चेनचे आतले दाते दर सेकंदाला हजारावर वेळा स्प्रॉकेटवर येऊन बसतात. ७६ दात्यांची चेन असेल तर ती सेकंदाला जवळजवळ चौदा वेळा बारभोवती फिरून येते. पोलाद असलं तरी ते झिजणारच.

झिजलं की नाही हे कसं ओळखायचं? चेन ज्या जागी टेकते तिथे स्प्रॉकेटवर पट्ट्यासारख्या खाचा पडतात. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत चालवून घ्या. त्याहून खोल गेल्या तर बदला. व्हर्निअर असेल तर उत्तम. नसेल तर नख आडवं फिरवा. नख नुसतं अडखळलं तर लक्ष ठेवा, नख खाचेत बसलं तर वेळ झाली. माप घ्यायचं नसेल तर जुना हिशेब धरा: दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदलायचं. मला हा हिशेब आवडतो, कारण तो वहीत लिहून ठेवता येतो आणि त्यात डोळ्यांची फसगत नाही.

दुसरी झीज ड्रमच्या आतल्या बाजूला. शू जिथे घासतात तिथे गुळगुळीत पट्टा दिसणं साहजिक आहे. पण तिथे पायरी पडली असेल, काठ पातळ झाला असेल, चीर दिसत असेल तर तो ड्रम पुन्हा बसवू नका. ड्रमवर निळसर-जांभळी झाक आली असेल तर तो कधीतरी भरपूर तापला आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: ब्रेक लागलेला असताना कुणीतरी रेस दिली. किंवा बोथट चेन लाकडात अडकली आणि ती सुटेल म्हणून आपण रेस देत राहिलो. ड्रम जागचा हलला नाही, शू मात्र आतून घासत राहिले.

तिसरी जागा बेअरिंगची. ड्रम दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. अगदी किंचित हालचाल असतेच, पण डगडगत असेल, फिरवताना खरखर येत असेल, तर बेअरिंग गेलं. कोरडं पडलेलं बेअरिंग शिटीसारखा आवाज करतं आणि कधी ड्रमला दांड्याबरोबर ओढू लागतं.

इथे एक गफलत नेहमी होते. मंद चालीवरही चेन फिरत राहते म्हणून लोक ड्रम बदलतात आणि चेन तरीही फिरतच राहते. चाल मंद असताना चेन फिरण्याचं पहिलं कारण कार्बोरेटरचा स्क्रू जास्त आवळलेला असणं, दुसरं क्लचची तुटलेली किंवा सैल झालेली स्प्रिंग, तिसरं कोरडं बेअरिंग. स्प्रॉकेटच्या खाचा या यादीत नाहीत. आधी चाल कमी करून बघा. स्प्रिंग तुटली असेल तर मात्र मशीन तिथेच बंद करा. चालू असताना तिचा तुकडा आत फिरत राहणं काही चांगलं नाही.

खरेदीकडे येऊ. दुकानात ‘अठ्ठावन्न सीसीचा ड्रम द्या’ एवढं सांगून भागत नाही. जुना ड्रम, जुनं बेअरिंग आणि जमलं तर चेनचा तुकडा पिशवीत घालून न्या. जुळवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. सगळ्यात महत्त्वाचं पिच. चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा; त्याचं निम्मं म्हणजे पिच. निम्मं करण्याआधीचं अंतर साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास आलं तर चेन ०.३२५ इंच पिचची. एकोणीसच्या आसपास आलं तर तीन-अष्टमांश. तीन-अष्टमांशात पुन्हा दोन जाती आहेत. लहान मशीनवरची बुटक्या अंगाची चेन वेगळी आणि मोठ्या मशीनवरची वेगळी. नाव एकच असलं तरी त्यांची स्प्रॉकेट एकमेकांना लावायची नाहीत. चेनच्या आतल्या दात्यावर बारीक आकडा कोरलेला असतो, तोही बघा. ओरेगॉनच्या चेनवर ९१ असेल तर ती बुटकी तीन-अष्टमांश. २०, २१, २२ असेल तर ०.३२५, ७२, ७३, ७५ असेल तर पूर्ण तीन-अष्टमांश. चेनचं पिच, स्प्रॉकेटचं पिच आणि बारच्या टोकाला लहान चक्र असेल तर त्याचं पिच, ही तिन्ही एकच हवीत. एकही चुकलं तर चेन कुरकुरत फिरेल आणि बाकीच्या दोघांना खाईल.

मग दाते मोजा: सहा, सात की आठ. होते तेवढेच घ्या. आठ दात्यांचं घेतलं की चेन वेगानं पळते, हे खरं आहे; पण इंजिनाची ताकद तेवढीच राहते. ५० सीसीच्या मशीनला लांब बार लावून वर आठ दाते दिले तर ते चढणीवर चौथ्या गियरमध्ये घातलेल्या रिक्षासारखं होतं. ड्रमचा व्यास, खोली, बेअरिंगचं भोक हे जुन्याशी टेकवून पाहा. आणि एक गोष्ट हमखास निसटते: ड्रमच्या काठाला किंवा पाठीला असलेली खाच. अनेक मशीनमध्ये तेलाचा पंप याच खाचेतून चालतो. नव्या ड्रमला ती नसेल किंवा वेगळ्या जागी असेल, तर मशीन झकास चालेल आणि बार कोरडा जळेल.

स्प्रॉकेटही दोन प्रकारची मिळतात. एकात दाते ड्रमलाच जोडलेले असतात. झिजले की सगळा ड्रम बदलायचा. दुसऱ्यात ड्रमला खाचांची दांडी असते आणि तिच्यावर एक कडं मोकळं सरकतं. चेन त्या कड्याच्या खिडक्यांतून फिरते. झिजलं की नुसतं कडं बदलायचं, ड्रम तोच राहतो. शिवाय कडं थोडं इकडेतिकडे सरकून चेनच्या रेषेत आपोआप येतं, त्यामुळे चेनवरचा ताणही कमी पडतो. ज्याचं मशीन हंगामभर रोज चालतं त्यानं आपल्या मॉडेलला कड्याचा ड्रम मिळत असेल तर तोच घ्यावा, असं माझं मत आहे. वर्षातून दोनदा फांद्या छाटणाऱ्याला साधा ड्रम पुरे. आणि ड्रमबरोबर बेअरिंग नवंच घ्या. त्यात पैसे वाचवायला जाऊ नये, एवढी त्याची किंमत नसते.

आता खोलायचं. मशीन थंड हवं. सर्वांत आधी प्लगची टोपी काढा. हातमोजे घाला, चेन थांबलेली असली तरी कापते. भुसा पडेल म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र नव्हे, कडा असलेलं ताट किंवा परात घ्या. बारीक वायसर आणि क्लिपा अंगणातल्या मातीत गेल्या की सापडत नाहीत, आणि गावात त्या सुट्या मिळत नाहीत.

ब्रेक सोडलेला असला पाहिजे, म्हणजे पुढची दांडी हँडलकडे ओढलेली. ज्या मशीनचा ब्रेकपट्टा कव्हरमध्ये असतो, त्यात ब्रेक लावलेल्या स्थितीत कव्हर काढलं तर पट्टा आवळलेला राहतो आणि परत बसवताना ड्रमवर जातच नाही. मग संध्याकाळभर त्याच्याशी झटापट. ज्यांचा पट्टा मशीनच्या अंगात असतो, त्यांत ब्रेक लागलेला असेल तर ड्रमच निघत नाही. दोन्हीकडे उत्तर तेच: ब्रेक सोडा, मगच पाना लावा. कव्हरचे नट काढा, चेन ढिली करा, बार आणि चेन बाजूला ठेवा. एक ब्रश डिझेलमध्ये बुडवून सगळा भाग साफ करा. घाण साफ न करता आत हात घातला तर ती बेअरिंगमध्ये नाहीतर दांड्याच्या सीलमध्ये जाते. आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो काढा. वायसरची कुठली बाजू वर होती हे आठवेल असं सगळ्यांना वाटतं, आठवत कुणालाच नाही.

आता समोर काय दिसतं त्यावर पुढची वाट ठरते. ड्रमची पाठ आणि तिच्यावर स्प्रॉकेट दिसत असेल, दांड्याच्या टोकाला लहानशी क्लिप असेल, तर क्लच आत आणि ड्रम बाहेर. स्टिलच्या एमएस १७० आणि १८० या आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणाऱ्या मशीनची रचना अशी आहे. याउलट शू आणि स्प्रिंग समोरच दिसत असतील तर क्लच बाहेर आणि ड्रम त्याच्या मागे. हस्क्वार्नाच्या ४५५ सारख्या मशीनमध्ये आणि बाजारातल्या बऱ्याच चिनी मशीनमध्ये हा प्रकार आढळतो.

पहिला प्रकार सोपा. क्लिप इंग्रजी ‘ई’ अक्षरासारखी असते. तिच्यावर कापड किंवा अंगठा धरा आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरनं हळूच बाहेर ढकला. कापड न धरता ढकलली तर ती उडते, आणि उडालेली क्लिप शोधत माणसं गुडघ्यांवर आलेली मी पाहिली आहेत. क्लिपखालचा वायसर काढा, ड्रम सरळ बाहेर ओढा, मागोमाग बेअरिंग येईल. अडकला तर ठोकू नका. ब्रेक खरंच सुटला आहे का ते आधी बघा.

दुसऱ्या प्रकारात आधी क्लच काढावा लागतो, आणि इथेच निम्म्या लोकांचं बिघडतं. या क्लचचे आटे उलटे असतात. नेहमीचा नट डावीकडे फिरवला की सुटतो. हा उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की सुटतो. कारण साधं आहे. मशीनच्या उजव्या बाजूनं पाहिलं तर दांडा घड्याळाच्या दिशेनं फिरतो. आटे सरळ असते तर कामाच्या ताणानं क्लच सुटत गेला असता; उलटे असल्यामुळे जितकं काम कराल तितका तो आवळत जातो. म्हणूनच तो सुटायलाही जोर लागतो. पुष्कळ क्लचवर सोडण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो, तो भुसा पुसून बघा.

जोर लावताना दांडा फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. प्लग काढा. पिस्टन वर येऊ लागेल तसा दांडा हातानं घड्याळाच्या दिशेनं फिरवा. प्लगच्या भोकातून पाहत पिस्टन सायलेन्सरकडच्या खिडकीच्या वर गेला आहे याची खात्री करा, मग स्टार्टरची जुनी नायलॉन दोरी वीतभर-दीड वीत आत सारा. टोक बाहेर राहू द्या. आता क्लच घड्याळाच्या दिशेनं फिरवला की पिस्टन वर येऊन त्या मऊ दोरीवर टेकेल आणि थांबेल. पिस्टन खिडकीच्या खाली असताना दोरी घातली तर ती खिडकीत शिरते आणि कापली जाते. सुतळी किंवा काथ्या वापरू नका, त्यांचे धागे आत राहतात. स्क्रूड्रायव्हर तर अजिबात नको. पिस्टनला भोक पडलेलं मशीन दुरुस्त करण्यापेक्षा नवं घेतलेलं बरं. प्लास्टिकचा पिस्टन-स्टॉप दुकानात मिळतो, तोही चालतो.

क्लचच्या मध्यभागी षटकोन असेल तर योग्य मापाचा सॉकेट पाना लागतो. नसेल तर त्या मॉडेलचा क्लच-पाना घ्या किंवा तेवढं काम दुकानात करून घ्या. छिन्नी लावून शूवर हातोडी मारणारे बरेच भेटतात. एखाद्या वेळी सुटतोही. पण शूला गेलेली चीर तेव्हा दिसत नाही, ती पुढे दहा हजार फेऱ्यांवर दिसते.

ड्रम निघाला की घाई न करता थोडं थांबा, कारण ही जागा पुन्हा लवकर उघडणार नाही. दांड्याचा जो भाग बेअरिंगखाली असतो तो पुसून बोट फिरवा. गुळगुळीत असावा. हलके डाग असतील तर अगदी बारीक पॉलिशपेपरनं पुसा. चरे खोल असतील तर नवं बेअरिंगही फार दिवस टिकणार नाही, हे मनात धरून ठेवा. दांड्याच्या मुळाशी टू-स्ट्रोक पेट्रोलचा वास असलेली ओल दिसली तर सील गेलं आहे, ते काम मेकॅनिकचं. शूंची जाडी एकसारखी आहे का, स्प्रिंगांचे आकडे ताणले आहेत का, ते बघा. ब्रेकपट्टा पाहा. काही कंपन्या घासलेल्या जागी ०.६ मिलिमीटरची मर्यादा देतात. त्याहून पातळ पट्टा ऐन वेळी तुटेल, आणि ब्रेक लागतो तो ऐन वेळीच. तेलाच्या पंपाचं प्लास्टिकचं वर्म-चक्र हातानं फिरवून दाते शाबूत आहेत ना तेही पाहा.

बसवणं म्हणजे उलट क्रम. बेअरिंगला उष्णता सोसणारं लिथियम ग्रीस बोटानं चोपडा, पिंजऱ्याच्या फटीत भरेल एवढंच. जास्त लावलं तर ते ड्रमच्या आत उडतं आणि शू घसरायला लागतात. ड्रमच्या आतला भाग कोरड्या कापडानं पुसून घ्या. नव्या मालावर गंज येऊ नये म्हणून तेलाचा थर असतो. ड्रम सरकवताना तेलपंपाची तार खाचेत बसते का, हे इथे पाहायचं. स्टिलच्या लहान मशीनमध्ये वर्म-चक्राची वाकडी तार ड्रमच्या काठाच्या खाचेत जावी लागते. ड्रम थोडा दाबत मागेपुढे फिरवा, तार बसली की हाताला कळतं. तार खाचेबाहेर राहिली तर पंप बंद आणि तारही वाकलेली.

वायसर फोटोप्रमाणे, क्लिप पक्कडीनं दाबून. क्लिप खोबणीत पूर्ण बसली आहे का, ती फिरवून पाहा. जुनी क्लिप ढिली झाली असेल तर नवी लावा. क्लच बाहेर असणाऱ्या मशीनमध्ये तो हातानं घड्याळाच्या उलट दिशेनं चढवा, पुन्हा दोरी घालून पिस्टन अडवा, मग पान्यानं घट्ट करा. अंगाचा सगळा भार टाकायची गरज नाही, चालताना तो स्वतःच आवळतो. दोरी बाहेर काढली का? मग प्लग.

जुनी चेन परत चढवायची का, हा प्रश्न इथे येतो. जी चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर महिनोन्महिने फिरली तिचे आतले दाते आणि रिव्हेट त्या मापाचे झालेले असतात. नव्या स्प्रॉकेटवर ती नीट बसत नाही, उलट त्याला कमी दिवसांत जुनं करते. ती चेन मी जमिनीलगतची मुळं-बुंधे कापायला बाजूला काढून ठेवायचो. पण ज्या मशीनवर नवं स्प्रॉकेट आहे त्याच मशीनवर ती लावायची तर मग काय मिळवलं? आता देऊन टाकतो.

कव्हर लावून प्लगची टोपी बसवण्याआधी चेन हातमोज्यानं बारभोवती ओढून पाहा. मोकळी फिरली पाहिजे. ब्रेक लावून ओढा. हलता कामा नये. मग ब्रेक लावूनच मशीन जमिनीवर धरून सुरू करा, सुरू झालं की रेस न देता ब्रेक सोडा. मंद चालीवर चेन स्थिर राहते ना पाहा. नंतर बारचं टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून थोडी रेस द्या. काही क्षणांत पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर लगेच बंद. तार खाचेत नाही किंवा तेलाची वाट भुशानं बुजली आहे. पाचसहा काप झाले की मशीन थांबवून, चेन थंड होऊ देऊन पुन्हा ताण बघा. नवी चेन पहिल्या तासात सैल होतेच, तेवढं ढिलं पडणं डुप्लिकेट मालाचं लक्षण नव्हे.

यापुढे ड्रम टिकवायचा असेल तर दोन चेन आळीपाळीनं वापरा. एक धार लावायला काढली की दुसरी चढवा. दोन्ही आणि स्प्रॉकेट एकाच गतीनं झिजतात आणि तिघांची वेळ साधारण बरोबरच येते. चेन वेळेवर कानशीनं घासा. बोथट चेन दाबून चालवली की भार क्लचवर जातो. कव्हर रोज संध्याकाळी उघडून भुसा काढा, माड कापला असेल तर दुपारीही. आणि ब्रेक लागलेला असताना रेस देऊ नका. हे मी घरात सांगून थकलो आहे. माझ्या गेल्या ड्रमवरची निळी झाक पुतण्यानं एका दुपारीत आणली, आणि ‘‘काका, मशीन ओढतच नव्हतं’’ हे वर मलाच ऐकवलं.

बदललेल्या ड्रमची तारीख मी मशीनच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहितो आणि तिच्याखाली चढवलेल्या प्रत्येक चेनसाठी एक रेघ ओढतो. सध्या तिथे एकच रेघ आहे.